सिनेमे किती, गाणी किती

नाही हो, भांडण नाही, तक्रार नाही — तुमच्या मालकांनी तर आवाजाचं नवीन मशीन मागवायचं अगदी पक्कं केलं होतं, मीच परत आलो नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. साधा दिवस होता. माझ्या दुकानाला सुट्टी — माझं चष्म्याचं दुकान आहे, आठवड्यातून एक दिवस बंद असतं — म्हणून सकाळीच मोजपट्टी काढून बसलो होतो, ती लोखंडी असते ना, ओढली की बाहेर येते आणि सोडली की सर्रकन डबीत जाते, तसली. मागचे दोन स्पीकर भिंतीवर कुठे लावायचे त्याची मापं घ्यायची होती. डबी माझ्या हातात भिंतीपाशी, पट्टीचं टोक हिच्या हातात सोफ्यापाशी. ही म्हणजे माझी बायको. ती म्हणत होती, भोकं पाडणार असाल तर आधी पडदे काढा, मग धुवायला मलाच लागतात. मी म्हणत होतो, भोकं नंतर, आधी माप येऊ दे, तू हलू नकोस. एवढ्यात तिचा फोन वाजला. तिने दुसऱ्या हाताने घेतला, ऐकलं, आणि टोक सोडून दिलं. पट्टी सर्रकन आली ती माझ्या अंगठ्यावर. मी म्हणणार होतो, अगं सांगून तरी सोडावं — आणि तिच्याकडे बघितलं. आमचा मुलगा. दुसऱ्या शहरात नोकरीला होता. कामावर जाताना, रस्त्यावर. चूक कोणाची वगैरे मी विचारलं नाही, विचारून काय करायचं होतं. तर — तेव्हापासून इकडे आलो नाही तो आज आलो.

असं तोंड नका करू. बसा तुम्ही, उभे का राहिलात? तुम्ही नवीन आहात, तुम्हाला कुठून माहीत असणार, आणि मालक आज नेमके बाहेरगावी. तुम्ही जे विचारायला हवं तेच विचारलंत. खोली केवढी, छत किती उंच, बसणारी माणसं किती — आणि सिनेमे किती, गाणी किती, साधारण टक्केवारी सांगा. बरोबर आहे. मीही दुकानदारच आहे. माझ्याकडे माणूस आला की मी विचारतो, वाचायला हवाय की लांबचं बघायला हवाय, दिवसातला किती वेळ हे आणि किती वेळ ते. त्याच्यावरच सगळं ठरतं. कोणी मला उलट विचारलं नाही अजून, की तुम्हाला काय करायचंय. मी सांगतो, पण मला जरा वेळ द्या. या टक्केवारीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अगदी तोंडपाठ असायचं, आज ते जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं, म्हणून मघाशी तुम्हाला वाटलं मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं.

आता हा प्रोसेसर म्हणजे काय, हे मला स्वतःला समजायलाच किती दिवस गेले. आवाज स्पीकरचा, जोर ॲम्प्लिफायरचा, मग हे मधलं खोकं करतं काय? तर ते ठरवतं — बोलणं पुढून, पाऊस मागून, गाडी इकडून तिकडे. ही त्याला मुकादम म्हणायची. म्हणजे राबायचं बाकीच्यांनी आणि हा नुसता हात दाखवणार, तू तिकडे जा, तू इकडे ये. भुंग्याला हे इतकं आवडलं होतं — भुंगा म्हणजे मुलगा, हो. लहानपणी झोपताना तोंड मिटून गुणगुणायचा, अगदी झोप लागेपर्यंत, म्हणून भुंगा, आणि पुढे दाढी-मिशा आल्या तरी भुंगाच राहिला — तर तो फोन केला की आधी विचारायचा, मुकादम काय म्हणतोय? मुकादम म्हातारा झाला होता आमचा. एका बाजूला खरखर यायची, मध्येच एक स्पीकर मुका व्हायचा, वर टपली मारली की पुन्हा बोलायचा. तेव्हा ठरलं, नवीन घ्यायचा. ठरलं म्हणजे काय, घ्यायचं एवढंच ठरलं. कुठला, यावर आम्ही बाप-लेक जे भांडलो, ते जवळजवळ वर्षभर. रोज नाही, रोज त्याला कुठे वेळ होता. पण फोन आला की आईशी दोन मिनिटं, जेवलास का, झोपलास का, आणि मग, बाबांना दे.

तुमच्या या टेबलावर आहेत तेच दोन. हा काळा, साधा, पुढे दोन बटणं — गाण्यांवाला. सिनेमा दाखवतो, नाही असं नाही, पण त्याचा जीव गाण्यात. आणि हा दुसरा, सिनेमावाला, याला छतातून आवाज हवा, मागून हवा, पायाखालून हवा, आणि गाणं लावलं की त्याला वाटतं गाणाऱ्यालाही हेलिकॉप्टरमधून आणलं पाहिजे. आता तुम्ही म्हणाल, बाप जुना माणूस, तो गाण्यांवाला मागत असेल, पोरगा सिनेमावाला. सगळ्यांना तसंच वाटतं. तुमच्या मालकांनाही वाटलं होतं. पण उलटं. मी सिनेमावाला म्हणत होतो आणि तो गाण्यांवाला. तो म्हणायचा, बाबा, वर्षभर त्याच्यासमोर बसणार तुम्ही, ऐकणार तुम्ही, आणि तुम्ही सिनेमा बघता कधी? मध्यंतराच्या आधी घोरता. मी म्हणायचो, घोरत नाही, डोळे मिटून बघतो. तो म्हणायचा, मग तुम्हाला पडद्याची गरज नाही, बघा, गाण्यांवालाच घ्या. वकील व्हायला हवा होता. मी त्याला म्हणायचो, अरे, काळाबरोबर चालावं माणसाने, नवीन तंत्र आहे, घरी चार पाहुणे येतात — कोण पाहुणे? आमच्याकडे कोण येतं? हिची बहीण येते, तिला आवाज सहन होत नाही.

माझं म्हणणं — हे मी त्याला कधी सांगितलं नाही, हिलाही नाही, तुम्हाला का सांगतोय कोण जाणे, तुमचा चेहरा ऐकणाऱ्याचा आहे म्हणून असेल — माझं म्हणणं असं होतं की तो वर्षातून दोनदा यायचा. फार तर तीनदा. आला की पहिल्या संध्याकाळी मित्र, दुसऱ्या संध्याकाळी सिनेमा, आम्हा तिघांचा, घरी, दिवे घालवून. आणि सिनेमा संपला की म्हणायचा, इथे बघण्यात मजा आहे, माझ्या खोलीत भिंतीपलीकडचा माणूस ठोकतो. म्हणून मला वाटायचं, घरात असा आवाज करू, असा करू, की थिएटरात नाही तो आमच्या बैठकीच्या खोलीत. मग दोनदाचं तीनदा होईल, तीनदाचं चारदा. उंदराला खोबरं दाखवतात ना, तसं. पोराला आई-बापासाठी ये म्हणायची लाज वाटते हो. नवीन मशीन आणलंय, ऐकायला ये, असं म्हणता येतं.

काय? हो, हो, तुम्ही लावा, मला चालेल. दोन्ही लावून दाखवा, आधी तो, मग हा.

...

पुरे. तो पाऊस बंद करा. चांगला आहे, छतातून पडतो खरोखर, मी वर बघितलं ते तुम्ही पाहिलंत. आता पुन्हा पहिला? नको. तुम्ही आता मला विचाराल, हा बरा की तो बरा. हेच तर मी दिवसभर करतो — एक काच लावायची, ही बरी? दुसरी, की ही? आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस घाबरतो बघा. त्याला वाटतं परीक्षा चाललीय, चुकीचं उत्तर दिलं तर चुकीचा चष्मा गळ्यात पडेल. मग म्हणतो, दोन्ही सारख्याच वाटतात. सारख्या नसतात. त्याला आता निवडायचं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. मग मी काचा खाली ठेवतो, म्हणतो, पाणी घ्या, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो. तुम्ही मला पाणी विचारलंत, धंदा येतो तुम्हाला.

कान माझे चांगले आहेत, बरं का. तपासून घेतलेत. त्याचीही गंमत आहे. ते मुकादमाचं पहिलं जोडणं झालं तेव्हाची. हे मशीन खोली मोजतं ना — तो लहानसा माइक ठेवायचा जिथे आपलं डोकं येतं तिथे, मग एकेक स्पीकर हुऊऊप करून ओरडतो, आणि मशीन ऐकतं, की या खोलीत कुठला आवाज घुमतो, कुठला मरतो, आणि त्याप्रमाणे कमी-जास्त करतं. तेवढा वेळ घरात चिटपाखरू हलता कामा नये. भुंगा फोनवर, मी माइक घेऊन, तो सांगतोय, बाबा, उशीवर ठेवू नका, उशी आवाज खाते. मग मी हिची पुस्तकं रचली, त्यावर माइक. ही स्वयंपाकघरात, तिला सांगितलेलं, अजिबात आवाज नको. ती बिचारी श्वास धरून उभी. आणि कुकर गॅसवर. त्याला कोण सांगणार? बरोबर मधल्या स्पीकरच्या हुऊऊपला कुकरने शिट्टी दिली. मशीनला वाटलं, या खोलीला शिट्टीची सवय आहे. त्याने सगळ्या उंच सुरांचे पाय कापून टाकले. आम्हाला कुठे कळतंय. पण तेव्हापासून गाणं लावलं की मला वाटायचं, गाणाऱ्या बाईच्या तोंडावर कोणीतरी पांघरूण घातलंय. मी म्हटलं, झालं, वय झालं, कान गेले. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, तुमचे कान तरण्या माणसाचे आहेत, काय होतंय तुम्हाला? मग भुंगा आला सुट्टीला, चपला काढायच्या आधी एक गाणं लावलं, आणि विचारलं, बाबा, मापं घेताना काय वाजलं होतं? ही स्वयंपाकघरातून म्हणाली, काही नाही वाजलं, मी तर श्वास धरला होता. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, कुकर झाला होता.

पुन्हा मोजलं मग त्याने. या वेळी तिघंही खोलीत, जमिनीवर, भिंतीला टेकून, तोंडावर हात. गॅस बंद, पंखा बंद. आणि पहिला हुऊऊप झाला तशी ही हसायला लागली. आवाज न करता, नुसती हलत होती. तिचं बघून मी. तो आमच्याकडे डोळे वटारून बघत होता, तो इतका — जाऊ दे. तीन वेळा करावं लागलं.

आता मधल्या खुर्चीचं. मघाशी तुम्ही म्हणालात, इथे बसा, इथूनच नीट ऐकू येतं, आणि मी स्टूल ओढून कडेला बसलो, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा विक्षिप्त आहे. तसं नाही. आमचा सोफा तिघांचा. एका टोकाला ही, तिला दिव्याखाली वाचायला लागतं. दुसऱ्या टोकाला मी. मध्ये पेपर, रिमोट, तिचा चष्म्याचा डबा. तो आला की हे सगळं ढकलून मध्ये येऊन पडायचा, पाय पुढच्या टेबलावर, आई ओरडेपर्यंत. तर मापं घेताना मशीन पहिल्यांदा विचारतं, मुख्य जागा कुठली? तो म्हणाला, बाबा, मुख्य जागा? मी म्हटलं, मधली. तो म्हणाला, मध्ये कोण बसतं? मी म्हटलं, तू. तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, मी वर्षातून दोनदा येतो हो, मी गेलो की मध्ये तुम्ही बसत जा, नाहीतर एवढं करून उपयोग काय? मी म्हटलं, बसेन की. बसलो कुठे. तो गेला की पेपर आला, रिमोट आला. सगळा आवाज त्या मधल्या जागेसाठी लावलेला आणि मी वर्षानुवर्षं कडेला बसून ऐकत आलो. डाव्या स्पीकरच्या कुशीत. आता तर ही ती मधली जागा झाडते, पण पेपरही ठेवू देत नाही तिथे.

आणि टक्केवारी म्हणाल तर साठ-चाळीस, असं सांगायचो मी तुमच्या मालकांना. गाणी साठ, सिनेमे चाळीस. मालक हसले होते, म्हणाले, अहो, वर्षातून दोनदा सिनेमा बघणार आणि चाळीस टक्के? मी म्हटलं, तुम्ही चाळीस धरा.

बरं, एक करा. हा लावा, गाण्यांवाला. छत नको, मागचे नकोत, पुढचे दोनच स्पीकर, आणि साधं गाणं, एकच बाई गाणारी. मी बसतो तिथे मध्ये. बसतो म्हटलं ना, ओढू नका खुर्ची, मी येतो.

...

थांबा, बंद नका करू. हा मधला स्पीकर चालू आहे का? हा, खालचा, बुटका. बंद आहे? मग त्या बाई तिथे — तिथे तर काहीच नाही. हो, मला माहीत आहे, दोन्हीकडून सारखंच आलं की मध्ये भास होतो, माहीत आहे मला, भुंग्याने कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तो म्हणायचा, बघा बाबा, अगदी समोर उभी आहे. मी म्हणायचो, हो रे, अगदी समोर. तो माझ्या तोंडाकडे बघायचा, मला आनंद झालाय का ते, आणि मी मान हलवायचो. मला कधीच ऐकू आलं नव्हतं हो. कडेला बसून ते येत नाही. मी आपला त्याच्या आनंदात मान हलवत होतो. तो हे ऐकत होता तर. हे असं. मध्ये काही नाही आणि तरी श्वास घेतलेला कळतोय, ओळ सुरू व्हायच्या आधीचा.

बंद करा आता. करा बंद. हो. नाही, मशीन चांगलं आहे, फार चांगलं आहे, मशीनची काही चूक नाही.

तुमचा वेळ घेतला मी. खरं सांगू का, मी ऐकायला आलोच नव्हतो. मला हिने पाठवलंय, ऑर्डर रद्द करून या म्हणून. दोघांतला कुठला ते ठरायची वाट बघत मालकांनी किती दिवस धरून ठेवली, त्यांना तरी का अडकवायचं, म्हणते. बरोबर म्हणते. आज सकाळी कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, आता आपल्याला दोन स्पीकर पुष्कळ झाले. मी म्हटलं, हो. आणि बूट घालून निघालो. वाटेत ठरवून आलो होतो, आत जायचं, दोन शब्द बोलायचे, बाहेर. आणि तुम्ही विचारलंत, या बसा, सिनेमे किती, गाणी किती. आता मी काय सांगायचं? शंभर टक्के गाणी? सांगता येतं, खरं तेच आहे. पण तुम्ही ते लिहून घ्याल, आणि मग ते ठरलंच ना. की आमच्याकडे सिनेमा बघायला आता कोणी यायचं नाही. एवढे दिवस लोक येऊन बसले, रडले, हात धरले, डॉक्टर, पोलीस, त्याच्या कंपनीचे, सगळे आले, त्याची खोली आवरली, कपडे वाटून टाकले, मी सगळीकडे सह्या केल्या. जे विचारलं ते सांगितलं. आणि इथे तुम्ही टक्केवारी विचारलीत.

हा फोन वाजतोय, माझाच. हिचा असणार.

हो. हो गं, दुकानातच आहे. — नाही, तसं नाही, बसलो होतो जरा. — ऐकलं, हो. एक गाणं. — नाही झालं अजून. मालक नाहीयेत आज. — बरं. — बरं, आणतो. घरी आल्यावर बोलू. ठेव.

मालक नाहीयेत हे काही खोटं नाही, काय? दूध आणायला सांगितलंय. जा तुम्ही, बाहेर माणसं खोळंबलीयत केव्हाची, त्यांना बघा. माझी छत्री ती त्या स्टुलाखाली, राहू दे, मी घेतो. मालक आले की त्यांना काही सांगू नका, मी आलो होतो, रडलो बिडलो वगैरे — रडलो नाही म्हणा, पण तेही सांगू नका. विचारलंच तर एवढं सांगा, चष्मेवाल्यांची ऑर्डर रद्द करायची राहिली आहे.